उथळ पाण्याचा कैवार

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण ज्याने रूढ केली त्याने ओढे पुष्कळ पाहिले असतील. लक्षद्वीपचे लगून खास पाहिले नसावे. तिथले पाणी उथळ असूनही शांत असते, आणि नवशिक्याने समुद्रात तोंड घालावे ते अशाच ठिकाणी. पण हे सांगायची सोय उरलेली नाही! ठाण्या-कल्याणचा गृहस्थ दिवाळीच्या सुटीचा बेत आखू लागला की त्याला हवे असते ते ‘भर समुद्रातले स्नॉर्केलिंग’. शेजारी मालवणला जाऊन आला, म्हणून हा लक्षद्वीपच्या बोटीचे तिकीट काढणार. आणि जागा ठरवणार ती छायाचित्रातल्या माशांचे रंग पाहून.

बोटीच्या सहलीवर आमचा राग नाही. कोचीहून जाणाऱ्या ‘समुद्रम’ सहलीची आखणी तर मोठी शहाणपणाची: रात्री बोटीवर झोपायचे, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय या बेटांवर उतरायचे. आमचा तंटा आहे तो माहितीपत्रकांतल्या एका ठरीव वाक्याशी. ‘पोहता येत नसले तरी चालेल!’ कोणाला चालेल? तिकीट विकणाऱ्याला खुशाल चालेल. लाइफजॅकेट माणसाला तरंगत ठेवते, हे कबूल. पण नळीत पाणी शिरले की होणारी घाबरगुंडी ते थांबवत नाही, आणि ओढीबरोबर वाहत निघालेल्याला ते मागेही आणत नाही.

तेव्हा जागा निवडावी ती घरातल्या सर्वांत भित्र्या माणसाकडे पाहून. पाणी कमरेपासून छातीपर्यंत, तळाला वाळू, आणि किनाऱ्यावरून चालत आत जाता येईल अशी. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांच्या पश्चिमेला लगून आहे. बाहेरची प्रवाळभिंत अरबी समुद्राच्या लाटा आपल्या अंगावर घेते. पण त्याच भिंतीत होड्यांच्या ये-जा करण्याच्या खिंडी असतात, आणि ओहोटीला आतले पाणी तिथून बाहेर धावते. नवशिक्याने त्या बाजूला फिरकू नये, आणि भरती-ओहोटीची वेळ तिथल्या माणसाला विचारल्यावाचून पाय ओला करू नये.

मालवणला पावसाळ्याचा गढूळपणा ओसरला की सिंधुदुर्गाच्या आसपास पोवळी दिसतात. तिथे मात्र बहुधा होडीतूनच पाण्यात उतरावे लागते. म्हणून ती पहिली पायरी नव्हे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमावरची ओढ तर फारच फसवी. आणि होडीचा हिशेबही धरायला हवा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोन माणसे गेली. बुडी मारताना नव्हे, परतीच्या वाटेवर!

“एवढे पैसे भरले, मग भिंतीपलीकडे नको का जायला?” हा युक्तिवाद डोंबिवली लोकलमध्ये कुणीही ऐकावा. अहो, माशांना तुमची पावती वाचता येत नाही. लगूनमधल्या एका पोवळ्याच्या ढिगाभोवती अर्धा तास शांतपणे तरंगलात तर जे दिसेल, ते तीन जागी धापा टाकत पळून दिसणार नाही.

आणि बायकामाणसांचे काय? बाप नि मुलगा पाण्यात, आई नि आजी किनाऱ्यावर चपला सांभाळीत बसलेल्या, हे चित्र कोणत्याही सहलीत पाहावे. खोल जागा निवडली की ही वाटणी आपोआप होते. उथळ लगूनमध्ये आजीसुद्धा नातवाचा हात धरून, चष्मा लावून पाण्यात डोकावू शकते. भीती वाटली की उभी राहते. पाय तेवढे वाळूवर टेकावेत, कारण पोवळी जिवंत असतात. (दिवाळीच्या किल्ल्यावर शोभेल म्हणून एखादा तुकडा खिशात घालण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. किल्ल्यावर मावळेच बरे.)

शिवाजीमहाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजे बांधायला काढली. त्या मुलुखातल्या मुलांना पोहता येऊ नये? ठाण्या-डोंबिवलीत तरणतलाव आहेत. तिकिटाआधी दोन महिने मुलांना, आणि त्यांच्या आईलाही, तिथे पाठवा. पालथे तरंगणे, तोंडाने श्वास घेणे, नळीतले पाणी जोराने फुंकून काढणे, एवढे तिथेच शिकता येते. मग सहलवाल्याला विचारा: पाय टेकतात का, किनाऱ्यावरून उतरता येते का, ओहोटी केव्हा, आणि पाण्यात आमच्याबरोबर कोण? यांची सरळ उत्तरे न देणाऱ्याकडे अनामत भरू नये. त्याच रस्त्यावर दुसरा सहलवाला असतोच.