गाडी सर्वांची, विमा कोणाचा?

आषाढाचे चार शिंतोडे पडले कीं आमच्या छत्रपती संभाजीनगरांत घरोघरीं सहलीचे बेत शिजूं लागतात. म्हैसमाळचें धुकें, वेरूळच्या लेण्यांवरून कोसळणारें पाणी, गौताळ्याचें रान, आणि नाथमहाराजांनीं जेथें अनुष्ठान केलें अशी परंपरा सांगते तो सुलीभंजनचा डोंगर, हीं सारीं ठिकाणें घरच्या मोटारीनें सकाळीं निघून दिवेलागणीस परतण्याजोगीं आहेत. दशम्या, चटणी, मुलांचे स्वेटर, आजीचीं औषधें, सर्व कांहीं आठवणीनें घेतलें जातें. मोटारीच्या विम्याचा कागद मात्र कपाटांत पडलेला असतो, व ‘तो भरलेला आहे’ एवढ्यावर सर्वांचें समाधान असतें.

दिनांक १७ जून २०२४ रोजीं याच सुलीभंजनच्या दत्तमंदिराजवळ एक मोटार मागें घेतां घेतां दरींत कोसळली, व चाक जिच्या हातीं होतें त्या तरुणीचा अंत झाला. सोबतचा स्नेही त्या वेळीं चित्रफीत टिपत होता. त्या घरच्या दुःखांत डोकावण्याचा आपणांस अधिकार नाहीं. परंतु त्या बातमीनें आमच्या मनांत जो प्रश्न उभा केला, तो वाचकांपुढें ठेवणें आम्ही कर्तव्य समजतों. जेथें रस्ता संपतो तेथें, कड्यावर, माळावर वा नदीच्या पात्रांत, घरच्या गाडीस अपघात झाला तर विमा नेमका कोणाच्या उपयोगीं पडतो?

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. गाडी थोरल्या बंधूंच्या नांवें. त्यांचें वय सत्तरीपलीकडे. दृष्टि मंदावल्यामुळें चार वर्षांपासून त्यांनीं चाकास हात लावलेला नाहीं, व परवान्याची मुदतही संपून गेलेली. गाडी चालवितात ते दोघे पुतणे व धाकटी सूनबाई. गेल्या पावसाळ्यांत म्हैसमाळचा बेत ठरला तेव्हां आम्ही सहज विम्याचा कागद वाचावयास घेतला. मालक-चालकाच्या अपघाती मृत्यूस पंधरा लाख रुपये, असें त्यांत स्पष्ट छापलेलें होतें. पुतण्या म्हणाला, “काका, मग काळजी कसली? गाडी तर आपल्या सर्वांचीच.” त्यावर बंधु शांतपणें म्हणाले, “गाडी सर्वांची खरी. पण कागद एकट्या माझा आहे रे.”

हेंच या विषयाचें मर्म होय. एकत्र कुटुंब ही वस्तु विम्याच्या कागदास ठाऊक नाहीं. तो पाहतो मालकाचें नांव आणि परवाना. विमा नियामक प्राधिकरणानें २०१८ सालीं पंधरा लाखांपर्यंत वाढविलेलें तें संरक्षण ज्या मालकापाशीं चालू परवाना आहे, त्या एकट्याच्या अपघातास लागू. आमच्या घरीं जो मालक होता त्यास परवाना नव्हता, आणि ज्यांस परवाने होते ते मालक नव्हते! चार वर्षें हप्त्याचा तो भाग कोणासाठीं भरला, याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें.

‘परंतु थर्ड पार्टी तर सक्तीची आहे ना?’ असें कोणी विचारील. ब्रिटिश हिंदुस्थानांत ती १ जुलै १९४६ पासून सक्तीची झाली, व आजचा १९८८ चा कायदाही तेंच सांगतो. मात्र तिचा हेतु आपल्या गाडीमुळें इजा पोंचणाऱ्या परक्याचें रक्षण हा आहे. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालविणारा हा मालकाच्याच जागीं उभा राहतो, तो परका नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ व पुन्हां २०२० सालीं सांगितलें आहे. तेव्हां काकांची गाडी पुतण्याच्या हातून दरींत गेली, तर त्याच्या बायकामुलांनीं थर्ड पार्टीच्या भरंवशावर राहूं नये. आंत बसलेल्या मंडळींसही नुसता तो विमा पुरत नाहीं. ज्यास पॅकेज म्हणतात त्या सर्वसमावेशक विम्यांत मात्र खासगी मोटारींतील प्रवासी येतात, असा २०१२ चा निर्णय आहे. गाडी शर्यतींत वा वेगाच्या चांचणींत उतरविली, तर हा पॅकेजचा विमाही सामान्यतः लागू होत नाहीं.

बिनपरवाना चालकाचा प्रकार याहून कठीण. २००४ सालच्या निर्णयानुसार जखमी परक्यास कंपनी पैसे देते. परंतु मालकानेंच बेफिकिरीनें चाक दुसऱ्याच्या हातीं दिलें असल्यास ते त्याजकडून वसूल करूं शकते. ‘माळ मोकळा आहे, जरा शिकूं दे’ म्हणून सोळा वर्षांच्या मुलास किल्ली देणारे वडील आपली पेन्शन पणास लावीत असतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनें अशा पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे.

आतां विश्रामस्थळीं भाड्यानें मिळणाऱ्या, जाड चाकांच्या त्या उघड्या चौचाकीविषयीं. तिला बहुधा नंबरपाटी नसते. जिची नोंदणीच नाहीं, तिचा मोटारविमा असेल असें धरून चालूं नये. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणान्वयें असे उपक्रम चालविणाऱ्यांनीं नोंदणी करावयाची आहे. मुलांस वर बसविण्यापूर्वीं नोंदणीचें प्रमाणपत्र व गिऱ्हाइकांच्या इजेसाठीं उतरविलेला विमा, दोन्ही पाहावयास मागावीं. त्यांत संकोच कसला?

एक दिलाशाची गोष्टही सांगितली पाहिजे. साहसी खेळांतील इजेस आरोग्यविमा मिळतच नाहीं, हा समज अर्धवट आहे. नियामकाच्या प्रमाणित कलमानें वगळले आहेत ते असे खेळ व्यवसाय म्हणून खेळणारे. हौसेनें एक फेरी मारणाऱ्याचें इस्पितळाचें बिल त्या कलमावर बोट ठेवून नाकारतां येत नाहीं. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी मात्र कंपनीगणिक निराळ्या. त्या वाचूनच घ्याव्या. आणि दुर्दैवानें प्रसंग ओढवलाच, तर पोलिसांस व कंपनीस त्याच दिवशीं कळवावें, व दावा न्यायाधिकरणापुढें सहा महिन्यांच्या आंत दाखल करावा.

आमच्या घरीं पुढें काय झालें? गाडी थोरल्या पुतण्याच्या नांवें केली, विमा पॅकेजचा घेतला, आणि चालविणाऱ्या तिघांचे अपघात विमे निरनिराळे उतरविले. सही करतांना बंधु क्षणभर थांबले. इतकीं वर्षें या घरची गाडी त्यांच्या नांवावर होती. तेव्हां वहिनी म्हणाल्या, “अहो, नांव बदललें म्हणून पुढची जागा कांहीं कोणी काढून घेत नाहीं.” बंधु हंसले, व त्यांनीं सही केली. पुढच्या रविवारीं आम्ही म्हैसमाळास गेलों, तेव्हां पुढच्या जागेवर तेच बसले होते.