आय-सेव्हन नावाचे विशेषण

‘आम्हाला बुवा त्यातलं काही कळत नाही’ हे वाक्य मराठीचा प्राध्यापकवर्ग ज्या अभिमानाने उच्चारतो, तो अभिमान मला अलीकडे असह्य होऊ लागला आहे. निमित्त झाले एका विद्यार्थ्याच्या संगणकाचे. दोन वर्षे शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने घरी खेळ खेळण्यासाठी संगणक जुळवून घेतला. ‘आय-सेव्हन आहे, गेमिंग मदरबोर्ड आहे,’ असे दुकानदाराने सांगितले. बिलावरही तेवढेच लिहिले होते. नवे खेळ सुरूच होईनात, म्हणून तो विभागात विचारायला आला, तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला. ‘त्यापेक्षा पुस्तकं घेतली असतीस तर!’ असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. मुलगा गप्प झाला.

पेटी उघडली तर आत २०११ सालचा आय-सेव्हन २६०० निघाला. त्याखालचा बोर्ड मात्र कोरा करकरीत, लाल-निळ्या दिव्यांचा. पण त्याचा चिपसेट एच-६१, म्हणजे तोही २०११ चाच. या जोडीला रॅम लागते ती डीडीआर-थ्री, सोळा जीबीच्या पुढे ती वाढत नाही. काही नवे खेळ ज्या एव्हीएक्स-टू सूचनांवाचून सुरूच होत नाहीत, त्या सूचना या प्रोसेसरला ठाऊक नाहीत. विंडोज ११ ला लागणारे टीपीएम २.० त्यात नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

आणि गंमत अशी, की दुकानदार खोटे बोललाच नव्हता. चिप आय-सेव्हनच होती.

मुळात ‘आय-थ्री’, ‘आय-फाइव्ह’, ‘आय-सेव्हन’ ही नामे नव्हेत, विशेषणे आहेत. आणि तीही तरतमभावाची, एकाच पिढीपुरती खरी. २०२० चा आय-थ्री १०१०० हा २०१७ च्या आय-सेव्हन ७७०० च्या तोडीचा आहे: दोहोंत चार कोअर, आठ थ्रेड. जाहीर किंमत मात्र पहिल्याची १२२ डॉलर, दुसऱ्याची ३०३. नावावरून दर्जा ठरवण्याची सवय आपल्या समाजाला आहेच, बाजार तिचाच लाभ घेतो. एएमडी ही कंपनी यात सोवळी आहे असे कोणी समजू नये. रायझन ७ ५७०० आणि ५७०० एक्स यांत फरक दिसतो एका अक्षराचा. प्रत्यक्षात पहिल्यात एल-थ्री कॅश १६ एमबी, दुसऱ्यात ३२. आणि खेळांना कॅश फार लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण दरवर्षी वर्गात सांगतो. एका अक्षराच्या पाठभेदाने काय होते हे ज्यांनी समजावून सांगायचे, त्यांनीच इथे ‘कळत नाही’ म्हणावे?

माझे म्हणणे असे, की निवड प्रोसेसरपासून नव्हे, मदरबोर्डापासून सुरू करावी. प्रोसेसर उद्या बदलता येतो. किती बदलता येईल हे बोर्ड आजच ठरवून टाकतो. २०१७ चे उदाहरण पाहा. इंटेलने आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. सॉकेट तोच, एलजीए ११५१. प्रोसेसर जुन्या बोर्डात बसेही, पण चालत नसे. नवा ३०० मालिकेचा बोर्ड घेणे भाग होते. विजेच्या पुरवठ्याची गरज बदलली, हे कंपनीचे स्पष्टीकरण. पुढे हौशी मंडळींनी बायोस बदलून, चिपखालचे काही संपर्कबिंदू झाकून तेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखवले! याउलट एएमडीचे एएम-फोर सॉकेट. मे २०२० मध्ये त्या कंपनीनेही, पुढचे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत, असे जाहीर केले होते. ग्राहकांनी ओरड केली, आणि त्याच महिन्यात बी-४५० व एक्स-४७० पुरता तो निर्णय फिरला. २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या बोर्डांनाही वाट मोकळी झाली. त्यामुळे २०१७ मध्ये बोर्ड घेतलेल्या माणसाला २०२२ चा ५८०० एक्स-थ्रीडी, ९६ एमबी कॅशचा, त्याच बोर्डावर बसवता आला. हे कंपनीचे औदार्य नव्हे. ज्यांना कळत होते असे लोक ओरडले, म्हणून ते घडले.

अर्थात सॉकेट जुळले की झाले, असेही नाही. स्वस्त बोर्डाची व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला लागेल त्या दाबाने वीज पुरवणारी यंत्रणा, दुबळी असेल तर सोळा कोअरचा प्रोसेसर तिच्यावर लादून काही साधत नाही. तापला की तो वेग उतरवतो. तिथे चार पैसे जास्त घालावेत आणि दिव्यांवर एक पैसाही घालू नये. आज नव्याने घेणाऱ्याने, माझ्या मते, सहा किंवा आठ कोअरचा मध्यम रायझन आणि बी-६५० किंवा बी-८५० चिपसेटचा साधा एएम-फाइव्ह बोर्ड घ्यावा, आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवावेत. घरात डीडीआर-फोर रॅम पडून असेल, तर एलजीए १७०० चा डीडीआर-फोर बोर्डही चालेल. तो रस्ता चौदाव्या पिढीपाशी संपतो. पण संपतो हे ठाऊक असून त्या रस्त्याने जाणे वेगळे, आणि कोणी नेऊन सोडणे वेगळे.

सहकाऱ्यांच्या ‘पुस्तकं घेतली असतीस तर’ला उत्तर द्यायचे राहिले. घेतली असती तरी ती त्याने नीट वाचूनच घेतली असती, कारण तेवढे आपण त्याला शिकवले आहे. वाचन पुस्तकापाशी थांबते, हेही त्याला आपणच शिकवले.

आठवड्याने आम्ही दोघे त्या दुकानात गेलो. जुनी जोडी परत घ्यायला दुकानदार बऱ्याच घासाघिशीनंतर तयार झाला, अर्थात तोटा मुलाच्याच पदरी घालून. नव्या बिलावर प्रोसेसर आणि बोर्ड यांची पूर्ण नावे अक्षरन् अक्षर लिहून द्या, एवढाच आग्रह मी धरला. त्याला दोन्ही खोकी मागवून घ्यावी लागली. ती नावे त्यालाही पाठ नव्हती.