आधी गॅस, मग मशीन

समजा, नंदुरबारमधल्या एखाद्या कारखानदाराने गॅसवर चालणारा ५ मेगावॅटचा जुना पॉवर प्लांट विकत घ्यायचं ठरवलं. तो काय करेल? ओळखीचा इंजिनियर घेऊन जाईल, टर्बाइन चालू करून बघेल, आवाज ऐकेल, लॉगबुक चाळेल. सेकंडहँड बाइक घेताना आपण करतो तेच! मला ही तपासणी उलटी वाटते.

पुरावा कोकणात उभा आहे. दाभोळ. मे २००१ मध्ये प्लांट बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनच बुडाली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने बनलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने तो घेतला. १९६७ मेगावॅटचं प्रकरण! इतकी वर्षं थांबलेली टर्बाइन्स परत चालवताना त्रास झालाच, पण तो इंजिनियर लोकांनी निस्तरला. गॅसचं काय करणार? कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं उत्पादन घसरलं आणि २०१३ अखेरीस प्लांट नुसता उभा. पुढे २०१५ मध्ये रेल्वेला वीज द्यायला काही भाग परत सुरू झाला. (आमच्या भाषेत: कोड चालतोय, इनपुटच नाही.)

"अरे, पण आपल्याला हजिरा शेजारीच आहे की!" खरंय. प्रकाशा-सारंगखेड्यावरून जाणारी तापी हजिऱ्याजवळच समुद्राला मिळते, आणि तिथे एलएनजी टर्मिनल आहे. पण नदी तिकडे जाते म्हणून गॅस इकडे येत नाही, बरं का. पाइप गेटपर्यंत आलाय का? करार नव्या मालकाच्या नावावर होतो का? भाव कशाशी बांधलाय? २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर एलएनजी असा कडाडला की त्यावर वीज बनवणं परवडेना.

हे जमलं तरच मशीनकडे वळा. नेमप्लेटवर भुलू नका. गॅस टर्बाइनचा तो आकडा साधारण १५ अंश तापमानाचा असतो. नंदुरबारच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार. गरम हवा विरळ, म्हणून ५ मेगावॅटचे सव्वाचारच हातात येतात. तेही सगळ्यांचे एसी चालू असताना! किती तास चालली यासोबत किती वेळा बंद-चालू झाली तेही विचारा, कारण प्रत्येक स्टार्टला गरम भाग झिजतात. बोरोस्कोप आत घालून ब्लेड बघा.

आणि कंट्रोल सिस्टीम! पासवर्ड कुणाकडे, लायसन्स कुणाच्या नावावर, प्रोग्रॅमचा बॅकअप आहे का? "आहे ना सीडीवर" हे उत्तर चालणार नाही. त्या बॅकअपवरून सिस्टीम माझ्यासमोर उभी करून दाखवल्याशिवाय मी तरी चेकवर सही करणार नाही.