निवेदक कोण?

साहित्याच्या वर्गात आम्ही पहिल्या वर्षापासून एक प्रश्न विचारायला शिकवतो : हे कोण सांगते आहे? लेखक आणि निवेदक एकच नव्हेत, 'मी' म्हणणारा विश्वासार्ह असतोच असे नाही, हे उमगले की विद्यार्थ्याचा वाचक होऊ लागतो.

हाच विद्यार्थी मोबाइलवर रील पाहतो. वसतिगृहाची खोली, पसरलेली पुस्तके, त्याच्याच वयाची मुलगी. "उद्या पेपर आणि काहीच वाचलं नव्हतं, मग हे अ‍ॅप सापडलं." कृत्रिम बुद्धिमत्तेने म्हणे तासाभरात टिपणेही दिली आणि निबंधही. ही आपबीती विकत घेतलेली असू शकते, ही शंका त्याच्या मनाला शिवत नाही.

कायदा याबाबत गप्प नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पैसे वा अन्य लाभ घेऊन शिफारस करणाऱ्याने ते चटकन लक्षात येईल असे सांगावे, हॅशटॅगांच्या गर्दीत लपवू नये, चित्रफितीत ते दिसावे आणि ऐकूही यावे, असे ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण जी जाहिरात जाहिरात म्हणून ओळखूच येत नाही, तिच्याविरुद्ध तक्रार करणार कोण?

'गाइडे पूर्वीही होतीच की,' असे आमचे काही सहकारी म्हणतात. होती. परंतु गाइड आपले नाव मुखपृष्ठावर छापून दुकानात बसत असे. मैत्रिणीचा वेश घेऊन वसतिगृहात शिरत नसे. आमचा आक्षेप यंत्राला नाही, वेशांतराला आहे.

आणि आम्ही तरी कुठे निर्दोष आहोत? वर्षानुवर्षे तेच प्रश्न फिरवून विचारायचे, ठरावीक मुद्दे दिसले की गुण द्यायचे, हा शिरस्ता आमचाच. तयार उत्तराची बाजारपेठ आमच्याच प्रश्नपत्रिकांनी घडवली. विक्रेते मागाहून आले.

म्हणून नुसत्या बंदीच्या परिपत्रकाने काही साधणार नाही. एखादी अशी रील वर्गात आणावी आणि कथेसारखी वाचावी : निवेदक कोण, संबोधित कोण, काय सांगितले, काय दडवले? ज्या वाचनाला मोबाइलपुढे हा प्रश्न सुचत नाही, ते वाचन आम्ही केवळ परीक्षेपुरते शिकवले, असेच म्हणावे लागेल.