रेडिएटरला हलायला जागा ठेवा

"मिस्त्री, एकदाचं पक्कं करून द्या, पुन्हा खोलायचं काम नको." रेडिएटरचं ब्रॅकेट तुटून गाडी आली की मालकाचं हे वाक्य ठरलेलं. मिस्त्रीही मग मनावर घेतो. मूळ ३ मिलिमीटरच्या पट्टीच्या जागी ६ मिलिमीटरचा अँगल लावतो. रबर फाटलेलंच असतं, ते काढून फेकतो. चासीला रेडिएटर असा आवळतो की धरून हलवला तर गाडी हलेल, रेडिएटर हलणार नाही. मालक समाधानानं पैसे देतो. पुढच्या हंगामात तीच गाडी पुन्हा दारात उभी असते. ब्रॅकेट जसंच्या तसं, पण जाळी टाकीपासून सुटलेली आणि पाणी रस्त्यावर.

ब्रॅकेट मजबूत झालं हे खरंच आहे. पण तुटायचं होतं ते पुढे सरकलं आणि स्वस्त भागाऐवजी महाग भागाच्या माथी बसलं. हा अंक संत्र्याच्या आंब्या बहराच्या तोंडावर तुमच्या हातात पडतो आहे, म्हणून यंदाचं हे पान या एकाच कामासाठी राखलं आहे.

पांढुर्ण्याचं नाव बाहेरच्या लोकांना गोटमारीमुळे माहीत असतं. आपल्या धंद्याला ते संत्र्याच्या गाड्यांमुळे माहीत असायला हवं. आंब्या बहराचा माल दिवाळीच्या पुढेमागे निघू लागतो, मृगाचा फेब्रुवारीनंतर, आणि दोन्ही वेळा गाडी आधी डांबरावर नाही, पांदणीत चालते. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या काळ्या जमिनीत वाळून दगडासारख्या होतात. त्यात भरलेली गाडी शिरली की पुढचं डावं चाक खड्ड्यात आणि उजवं चाक उंचवट्यावर, अशी कसरत बगीच्यापासून सडकेपर्यंत सुरू राहते. पुढे महामार्ग ४७ लागतो. मुलताईकडे निघालेल्या गाडीला समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरच्या आसपास असलेल्या पांढुर्ण्यावरून साडेसातशे मीटरच्या पठारावर चढायचं असतं. याच चढावर तिगाव-चिचोंडा घाटात रेल्वेच्या मालगाड्यांना मागून जादा इंजिनाचा रेटा लागत आला आहे. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला रामाकोन्याच्या पुढे सिल्लेवानीचा घाट येतो.

म्हणून या भागातल्या ड्रायव्हरची तक्रार नेहमी घाटाबद्दलच असते. "घाटात गरम होते," असं तो सांगतो आणि आपण थर्मोस्टॅट, वॉटर पंप, फॅन बेल्ट तपासत बसतो. नुकसान मात्र पांदणीत झालेलं असतं, घाटात ते फक्त उघडं पडतं. ब्रॅकेट ढिलं झालं की रेडिएटर बोटभर मागे किंवा खाली सरकतो. फॅनभोवतीच्या कव्हरात फॅन मध्यावर राहत नाही. रेडिएटर आणि कव्हराच्या मधली फोमची पट्टी निघून गेलेली असते. मग फॅन जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूच्या फटीतून इंजिनाचीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. सपाटीवर गाडीच्या वेगानं येणारा वारा हे झाकून घेतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना तो वारा नसतो, सगळी भिस्त फॅनवर असते, आणि काटा वर जातो.

आता जखडल्यानं काय होतं ते पाहू. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर. ती पिळावी अशीच बनवलेली असते. पिळली नाही तर पांदणीत एक चाक हवेत राहील. पुढचा डावा कोपरा खाली आणि उजवा वर गेला की त्यांच्यावर उभा असलेला रेडिएटर तिरपा चौकोन व्हायला बघतो. रेडिएटरला ते जमत नाही. ॲल्युमिनियमच्या जाळीतल्या नळीची जाडी अर्धा मिलिमीटरही नसते आणि तिचं प्रत्येक टोक वरच्या किंवा खालच्या पाटीत पक्कं बसवलेलं असतं. म्हणून चीर पडते ती जवळजवळ नेहमी कोपऱ्यातल्या नळ्यांच्या मुळाशी. मधल्या नळ्या ठणठणीत आणि कडेच्या दोन-तीन गळतात, असं दिसलं की जाळीला दोष देऊ नका, खालचे पाय बघा. आणि पोलादासारखी ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. छोटे छोटे पीळसुद्धा साठत जातात.

जाड पट्टीबद्दल एक हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवावा. पट्टीची जाडी दुप्पट केली की वजन दुप्पट होतं, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. आधी ३ मिलिमीटरची पट्टी थोडी लवून जो पीळ गिळत होती, तो ६ मिलिमीटरची पट्टी जसाच्या तसा पुढे जाळीला देते. वजनाची बाजूही खरी आहे. पाण्यासकट ४० किलो भरणारा रेडिएटर तिप्पट धक्क्याला १२० किलोचा होऊन ब्रॅकेटवर आदळतो, तेव्हा ब्रॅकेटला बळ हवंच. प्रश्न आहे ते कुठे द्यायचं याचा.

आमचं मत स्पष्ट आहे. बळ चासीच्या बाजूला द्या आणि सैलपणा रेडिएटरच्या बाजूला राहू द्या. चासीवर जिथे ब्रॅकेट बसतं तिथे मागून मोठी पट्टी घालून भार पसरवा. त्या पट्टीचे कोपरे गोल करा. ब्रॅकेटच्या काटकोनात तिकोनी पट्टी भरा, म्हणजे जाडी न वाढवता कोन उघडायचं थांबेल. भोक ड्रिलनं पाडा, गॅसनं जाळून पाडू नका, कारण जळालेल्या कडेतूनच पुढची चीर निघते. भोक चासीच्या उभ्या भागात घ्या, वरच्या-खालच्या आडव्या कडेला कधीही घेऊ नका. जुन्या ब्रॅकेटची चीर वेल्डिंगनं भरायची असेल तर चीर जिथे संपते तिथे आधी छोटं भोक पाडा, मग भरा. नुसती वरून रेघ ओढली तर चीर वेल्डिंगच्या शेजारून निघून पुढे जाते.

आणि रबर. आपल्याकडे सर्वांत जास्त हेळसांड याचीच. रबर बुशच्या आत लोखंडाची एक छोटी नळी असते, तिला कुणी स्लीव्ह म्हणतं, कुणी स्पेसर. बोल्ट आवळला की वायसर त्या नळीवर टेकतो आणि थांबतो, त्यामुळे रबर ठरलेल्या मापापेक्षा जास्त दबत नाही. बुश बदलताना जुनी नळी कचऱ्यात जाते, नव्या रबरासोबत येत नाही, आणि बोल्ट आवळताना हाताला थांबायची खूणच मिळत नाही. रबर फुगून वायसरच्या बाहेर येईपर्यंत पाना फिरत राहतो. एवढं आवळलेलं रबर लाकडासारखं होतं, असून नसल्यासारखंच. नळी मिळाली नाही तर योग्य मापाच्या पाइपाचा तुकडा कापून दोन्ही टोकं काटकोनात घासून घाला. त्याला वेळ लागत नाही. ८.८ ग्रेडचा एम-८ बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटरला आणि एम-१० साधारण ५० ला पुरे होतो. ज्यांच्याकडे टॉर्क पाना आहे पण तो फक्त हेडसाठी काढला जातो, त्यांनी तो इथेही काढावा.

जुन्या टायरचे तुकडे कापून घालायची पद्धत आता बंद व्हायला हवी. टायरच्या रबरात धागे किंवा तारा असतात, ते दबत नाही. साधं रबर डिझेल आणि तेलानं सडतं. कुलंटला आणि उष्णतेला ईपीडीएम चांगलं, पण तेच ऑइलच्या गळतीत फुगतं. जिथे तेल लागणार तिथे नायट्राइल घ्या. दुकानदाराला हा प्रश्न विचारला की तो आधी तोंडाकडे बघेल. पाच जणांनी विचारला की माल ठेवेल.

वरच्या आडकाठीबद्दल एवढंच: तिचं काम रेडिएटरला पुढे-मागे डोलू न देणं आहे, खाली न बसलेला रेडिएटर ओढून जागेवर आणणं नाही. आधी खालचे पाय बसवा, मग काठीचे नट हलके टेकवा, चेकनट लावा. प्लॅस्टिकच्या टाकीचे रेडिएटर तर याहून नाजूक. त्यांची खालची खुंटी टाकीतूनच निघालेली असते आणि रबरी वाटीत नुसती बसते. ती तुटली की अँगल आवळून टाकी दाबून धरायची युक्ती सगळीकडे दिसते. त्या युक्तीनं टाकी आणि पाटीच्या मधलं पॅकिंग गळायला लागतं.

आता ऑइल कूलर. साध्या ट्रकच्या हाताच्या गिअरबॉक्सला तो सहसा नसतो, म्हणून आपल्यातल्या बऱ्याच जणांचा त्याच्याशी पहिला संबंध जेसीबीवर येतो. टॉर्क कन्व्हर्टरचं तेल तापतं आणि ते थंड करायला पुढे रेडिएटरजवळ वेगळा कूलर असतो. विहिरी, शेततळी आणि नाल्यांची कामं या भागात मे महिन्यातही चालतात, पारा ४५च्या आसपास असतो, आणि मशीन दिवसभर दगडावर आपटत असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बसमध्येही कूलर असतो.

कूलरचं ब्रॅकेट तुटलं तर आधी पाइप बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरावर डोलतात, कूलर चासीवर उभा असतो. दोघांच्या मध्ये सरळ लोखंडी पाइप असेल तर इंजिनाचा प्रत्येक झटका कूलरच्या तोंडावर येतो. म्हणून मध्ये होज पाइपाचा तुकडा दिलेला असतो. गळतो म्हणून कुणीतरी तो काढून सलग पाइप वाकवून बसवलेला आम्ही अनेक मशीनवर पाहिला आहे. दुसरी गोष्ट पाइपाच्या क्लिपांची. दुरुस्तीत क्लिपा निघतात त्या परत लागत नाहीत, आणि हातभर पाइप तेलासकट कूलरच्या तोंडाला लोंबकळत राहतो. ब्रॅकेटला कितीही बळ द्या, तोंड तुटणारच. आणि जोडणीचा नट आवळताना दोन पाने लागतात, एक नटाला आणि एक कूलरच्या तोंडाला धरायला. एकाच पान्यानं आवळलं की तोंड पिळतं. ते लगेच गळत नाही, गळतं पहिल्या गरम फेरीत, आणि आपण म्हणतो माल खराब निघाला.

काही ऑटोमॅटिक गाड्यांत कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तिथे आतली चीर बाहेरून दिसत नाही. डिपस्टिकवर गुलाबी ताकासारखं तेल दिसलं तर गाडी सुरूही करू नका. पाणी आणि कुलंट गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटांचं अस्तर आणि त्याचा डिंक खातात, नुसतं तेल बदलून भागत नाही.

वेल्डिंगचं एक. कंट्रोल युनिटवर चालणाऱ्या बीएस-सहाच्या गाड्या १ एप्रिल २०२० पासून बंधनकारक झाल्या, तरी बॅटरी जोडलेली ठेवून चासीवर वेल्डिंग करणारे आहेतच. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तर कंट्रोल युनिटचे सॉकेट काढा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा.

यापुढे हे काम वाढणार आहे, कमी होणार नाही. नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला २०२५ मध्ये एसी बंधनकारक झाला. इंटरकूलर आधीच होता, आता त्याच्यासोबत कंडेन्सरही पुढे आला. कारखान्यातून आलेल्या गाडीत त्याचा हिशोब धरलेला असतो. जुन्या गाडीला बाहेरून एसी बसवताना मात्र कंडेन्सर रेडिएटरच्याच बाजूच्या पट्टीला लटकवला जातो. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, मध्य प्रदेश पर्यटनाच्याही कॅराव्हॅन आहेत, आणि व्हॅनचा किंवा बसचा सांगाडा घेऊन त्यावर घर बांधून देणारे बॉडीवाले आता लहान गावांतही मिळतात. त्यांना आमचं सांगणं: पलंग, पाण्याची टाकी आणि जनरेटर कुठे बसवायचा याचं कागदावर चित्र काढता, तसंच पुढच्या थंड करणाऱ्या संचाचंही काढा. कंडेन्सर असो की जादा ऑइल कूलर, त्याला चासीवरून स्वतःचे पाय द्या. रेडिएटरच्या पट्टीवर काहीही टांगू नका, आणि जाळीत प्लॅस्टिकच्या दोऱ्या ओवून कूलर बांधायची ती बाजारी पद्धत तर अजिबात नको. दोऱ्या हलून हलून नळ्या कापतात.

गाडी भरायला जाण्याआधी दहा मिनिटं काढा. रेडिएटर थंड असताना दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवा. थोडा हलून परत आला पाहिजे, खडखडला नाही पाहिजे. ब्रॅकेटच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर तिथे लोखंड लोखंडावर घासतं आहे. फॅनच्या कव्हरावर आतून चकाकणारी रेघ असेल तर फॅन लागतो आहे. बुश बदललं असेल तर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर गाडी परत बोलवा आणि आवळणी तपासा. हे जॉब कार्डावर लिहून मालकाची सही घ्या, नाहीतर तो येणार नाही.

तुमच्या गॅरेजमध्ये तुटून आलेल्या ब्रॅकेटांचे फोटो, चीर नेमकी कुठे होती ते स्पष्ट दिसेल असे, गाडीचं मॉडेल आणि ती कोणत्या रस्त्यावर चालते एवढ्या माहितीसह आमच्याकडे पाठवा. मालकाचं नाव आणि गाडीचा नंबर लिहू नका. पुढच्या अंकात त्यातल्या निवडक कामांची मापांसह चित्रं छापू.