मतदारावर ठपका ठेवण्याआधी

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक विधान हमखास कानावर येते: पर्यावरणाचा कैवार घेणाऱ्याला लोक टाळ्या देतात, मते देत नाहीत. असे म्हणणाऱ्यांत तेल-कोळशाच्या धंद्याचे पाठीराखे असतात आणि थकलेले पर्यावरणवादीही असतात. दोघांच्या हातात पुरावा म्हणून नावेही तीच असतात. जिमी कार्टर यांनी जून १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेल बसवली आणि पुढच्याच वर्षी ते हरले. अल गोर २००० मध्ये हरले. त्याच निवडणुकीत ग्रीन पक्षातर्फे उभे राहिलेल्या राल्फ नेडर यांना तीन टक्केसुद्धा मते पडली नाहीत. हवामानबदल हाच मुख्य मुद्दा घेऊन वॉशिंग्टन राज्याचे गव्हर्नर जे इन्सली मार्च २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत उतरले आणि ऑगस्टमध्ये बाहेरही पडले. फ्रान्सचा दाखला याला जोडला जातो. तिथे १९७४ पासून हरित उमेदवार राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहत आले, पण सहा टक्क्यांची वेस आजवर एकालाही ओलांडता आलेली नाही.

पूर्वपक्ष भक्कम दिसतो. भारतात राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे मतदाराची अशी थेट परीक्षा इथे होत नाही. पण जिथे ती होते, तिथे या विधानाचे परिणाम मोठे आहेत. पक्ष त्यावर विसंबून उमेदवार ठरवतात आणि उमेदवार त्याच्या धाकाने आपल्या आवडीचा विषय गिळून टाकतात. म्हणून ते एकेका उदाहरणावर घासून पाहायला हवे.

कार्टर यांच्यापासूनच सुरुवात करू. १९८० साली अमेरिकेत महागाईचा दर १३ टक्क्यांच्या पुढे गेला होता आणि तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस अडकलेले होते. मतदान झाले तेव्हा त्यांच्या कैदेला बरोबर एक वर्ष झाले होते. अशा वेळी कोणताही सत्ताधारी टिकला असता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पराभवाचे खापर सौर पॅनेलवर फोडायला मात्र काडीचाही आधार नाही. उलट, हरल्यानंतर महिन्याभरात, २ डिसेंबर १९८० रोजी, याच कार्टर यांनी अलास्कातील दहा कोटी एकरांहून अधिक जमिनीला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. तो कायदा आजही उभा आहे.

गोर यांचे उदाहरण तर विधान करणाऱ्यांच्याच अंगावर उलटते. देशभरातील मते मोजली तर गोर यांना जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४४ हजार मते जास्त पडली होती. फ्लोरिडात ते ५३७ मतांनी मागे राहिले आणि त्याच राज्यात नेडर यांनी ९७ हजारांवर मते घेतली. गोर आणि नेडर या दोघांची देशभरातील मते मिळवली तर बेरीज ५१ टक्क्यांच्या पुढे जाते. ही सगळी मते पर्यावरणासाठीच पडली असा दावा कोणी करू नये; पण याच आकड्यांवरून मतदाराने पर्यावरणवादी उमेदवार नाकारला असा निष्कर्ष काढणे त्याहून चुकीचे आहे. तिथे निकाल फिरवला तो राज्यवार निर्वाचक मतांच्या पद्धतीने आणि मतविभागणीने.

यावर वेस्ट व्हर्जिनियाचे उत्तर दिले जाते, आणि ते टाळण्यासारखे नाही. कोळशाचे हे राज्य वर्षानुवर्षे डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले होते. २००० मध्ये ते बुश यांच्याकडे गेले. तिथली पाच निर्वाचक मते गोर यांना मिळाली असती तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती. खाणकामगारांना गोर यांची धास्ती वाटली, हे खरे आहे. पण गोर यांनी प्रचारात काय केले तेही पाहावे. १९९२ साली पृथ्वीच्या संकटावर पुस्तक लिहिणारा हा माणूस आपल्या हयातीच्या विषयावर प्रचारात बराचसा गप्प राहिला. त्या मौनाने खाणकामगारांची भीती गेली नाही, कारण गोर यांची मते त्यांना आधीच ठाऊक होती. आणि ज्यांना ती मते ऐकायची होती त्यांतले कित्येक नेडर यांच्याकडे वळले. खाण बंद झाली तर त्या घरात पगार कुठून येणार, याचे उत्तर घेऊन गोर वेस्ट व्हर्जिनियात ठाण मांडून बसले असते तर काय झाले असते हे सांगता येत नाही. गप्प राहण्याचा उपाय मात्र फसला, एवढे नक्की. विशेष म्हणजे वीज केंद्रांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घालण्याचे आश्वासन त्याच प्रचारात बुश यांनी दिले होते. निवडून आल्यावर मार्च २००१ मध्ये त्यांनी ते मोडले. मतदाराला या विषयाचे काही देणेघेणे नसते, तर टेक्सासच्या तेलवाल्या घराण्यातील उमेदवाराने ते दिलेच कशाला असते?

त्यांच्या वडिलांनी तर हा हिशेब आधीच मांडला होता. १९८८ च्या उन्हाळ्यात थोरल्या बुश यांनी आपण ‘पर्यावरणवादी अध्यक्ष’ होऊ असे जाहीर केले आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला ते बोटीत बसून बॉस्टनच्या बंदरात फिरले. बॉस्टन हे प्रतिस्पर्धी मायकेल डुकाकिस यांच्या राज्याचे मुख्य शहर, आणि तिथले बंदर सांडपाण्याने बरबटलेले. त्या घाण पाण्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर दिसू लागली. बुश यांनी ४० राज्ये जिंकली. त्यामागे इतर कारणे होतीच. पण प्रचाराची सूत्रे हलवणाऱ्या मुरब्बी मंडळींना स्वच्छ पाण्यात मते दिसत होती. पुढे १९९० मध्ये आम्लपर्जन्याला आवर घालणारा हवाशुद्धीचा सुधारित कायदा बुश यांनीच आणला. १९९२ च्या प्रचारात ते उपाध्यक्षपदाला उभ्या असलेल्या गोर यांना ‘ओझोन मॅन’ म्हणून हिणवू लागले, आणि त्या वर्षी ते हरले.

आता अमेरिकेबाहेर पाहू, कारण या विधानाला सर्वांत मोठा तडा तिथे जातो.

स्लोव्हाकियाच्या राजधानीजवळ पेझिनोक नावाचे द्राक्षमळ्यांचे गाव आहे. गावाला खेटून जुना कचरा डेपो होता. तो भरत आल्यावर दुसऱ्या डेपोचा घाट घातला गेला. झुझाना चापुतोव्हा या वकील याच गावच्या. त्यांनी शेजारीपाजारी, द्राक्ष बागायतदार, कलावंत, विद्यार्थी अशा सगळ्यांना एकत्र केले, सह्यांच्या मोहिमा आणि मोर्चे काढले, आणि खटला युरोपीय न्यायालयापर्यंत नेला. २०१३ मध्ये स्लोव्हाकियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नव्या डेपोची परवानगी बेकायदा ठरवली. या लढ्यासाठी चापुतोव्हा यांना २०१६ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. तोवर त्यांनी कोणतेही मोठे राजकीय पद भूषवलेले नव्हते. तीन वर्षांनी, ३० मार्च २०१९ रोजी, युरोपीय आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेल्या मारोश शेफचोविच यांना हरवून त्या ५८ टक्के मतांनी देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

यावर लगेच आक्षेप येतो: चापुतोव्हा पर्यावरणावर निवडून आल्या नाहीत, भ्रष्टाचाराविरुद्धच्या संतापावर आल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये यान कुत्सियाक हा शोधपत्रकार आणि त्याची वाग्दत्त वधू यांची हत्या झाली होती आणि सारा देश रस्त्यावर उतरला होता. हे पूर्ण खरे आहे. पण मग न्याय दोन्हीकडे सारखा लावावा. कार्टर हरतात तेव्हा पर्यावरणामुळे हरले, आणि चापुतोव्हा जिंकतात तेव्हा मात्र दुसऱ्याच कारणाने जिंकल्या, असे दोन तराजू चालणार नाहीत. शिवाय संतापलेल्या लोकांनी इतर कोणाला न निवडता याच बाईंना का निवडले? धनदांडगे आणि अधिकारी यांच्या संगनमताशी चौदा वर्षे झुंजून दाखवलेली व्यक्ती त्यांच्यासमोर होती. कचरा डेपोची लढाई आणि स्वच्छ कारभाराची लढाई पेझिनोकच्या माणसाला वेगळ्या वाटण्याचे कारणच नव्हते.

ऑस्ट्रियातही असेच घडले. अलेक्झांडर व्हान डेर बेलेन अकरा वर्षे ग्रीन पक्षाचे प्रमुख होते. त्यांच्या पक्षाला संसदेच्या निवडणुकीत जेमतेम बारा टक्के मते मिळत. २०१६ मध्ये ते अपक्ष म्हणून, पण पक्षाच्या पाठबळावर उभे राहिले आणि मे महिन्यात सुमारे ३१ हजार मतांनी जिंकले. टपाली मतांच्या मोजणीत नियम मोडले गेल्याने घटना न्यायालयाने तो निकाल रद्द केला. डिसेंबरमध्ये फेरमतदान झाले तेव्हा ५३.८ टक्के मते त्यांच्या बाजूला होती. उजव्या टोकाच्या उमेदवाराला रोखण्यासाठी अनेकांनी त्यांना मत दिले, हे मान्यच आहे. पण २०२२ मध्ये ते पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून आले. १९७८ मध्ये बांधून पूर्ण झालेले त्स्वेन्टेनडॉर्फचे अणुवीज केंद्र सार्वमताने कायमचे बंद ठेवणारा हा देश. अवघ्या एका टक्क्याहून कमी फरकाने लागलेला तो कौल नंतरच्या सरकारांनीही पाळला. तिथल्या मतदाराला हरित माणसाची धास्ती वाटण्याचे दिवस सरले होते.

पद्धतीचा आणि वेळेचा भाग किती मोठा असतो, हे एकाच व्यक्तीच्या दोन निवडणुका ताडून पाहिल्या की कळते. केनियात १९७७ पासून ग्रीन बेल्ट चळवळ चालवणाऱ्या वांगारी माथाई १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. विरोधकांची मते जमातीजमातीत विखुरली आणि त्यांच्या पदरी नगण्य मते आली. पाच वर्षांनी विरोधक एकत्र आले. तेव्हा टेटू मतदारसंघाने माथाईंना ९८ टक्के मते देऊन संसदेत पाठवले. बाई त्याच, झाडेही तीच.

ब्राझीलच्या मारिना सिल्व्हा यांची कहाणी याच्या उलट दिशेने जाते. रबराचा चीक गोळा करणाऱ्या कुटुंबात जन्मलेली, सोळाव्या वर्षी अक्षरओळख झालेली ही स्त्री ॲमेझॉनच्या जंगलासाठी लढणाऱ्या शिकू मेंडिस यांची सहकारी. २००३ ते २००८ या काळात त्या पर्यावरणमंत्री होत्या. २००४ मध्ये ॲमेझॉनची वर्षाला सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगलतोड होत होती. २००७ पर्यंत ती निम्म्याहून खाली आली. २०१० मध्ये हरित पक्षाच्या उमेदवार म्हणून त्यांना १९ टक्के, म्हणजे जवळपास दोन कोटी मते मिळाली आणि २०१४ मध्ये, दुसऱ्या पक्षातून, २१ टक्के. २०१८ मध्ये देश दोन छावण्यांत फाटला आणि त्यांचा वाटा एक टक्क्यावर आला. शत्रूला पाडायचे म्हणून मत द्यायचे असते तेव्हा आवडत्या उमेदवाराला मत देण्याची चैन मतदाराला परवडत नाही. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत हरित उमेदवारांचे जे होते त्यामागेही हेच गणित आहे. त्याच फ्रान्समध्ये २०१९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत, जिथे मत वाया जाण्याची भीती कमी असते, हरितांना १३ टक्क्यांवर मते पडली.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: खिशाला झळ लागली की लोक हिरवे राहत नाहीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समध्ये इंधनावरच्या करवाढीविरुद्ध पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. इथे पर्यावरणवाद्यांनी मान खाली घालून ऐकायला हवे. त्याच वर्षीपासून मॅक्राँ सरकारने गडगंजांवरचा संपत्ती कर फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. शेअर बाळगणाऱ्याला सूट, आणि गावाबाहेर राहून कामासाठी रोज मोटार हाकणाऱ्यावर बोजा. लोक चिडले ते या वाटणीवर, आणि त्यांचे चिडणे रास्त होते. ज्याला हे दिसत नाही त्याने मतदाराला अडाणी म्हणण्याचा हक्क गमावला आहे.

वाटणी पटली तर लोक झळही सोसतात. ऑगस्ट २०२३ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्याच दिवशी, एक्वाडोरच्या जनतेने यासुनी राष्ट्रीय उद्यानातील एका क्षेत्रातून तेल काढणे थांबवावे असा सुमारे ५९ टक्क्यांचा कौल दिला. देश गरीब, तेल हे निर्यातीचे मोठे साधन, तरीही. पण खुद्द तेलविहिरींच्या प्रांतांत बहुमत तेल काढत राहण्याच्या बाजूने होते. कोळशाच्या वेस्ट व्हर्जिनियाची आणि या प्रांतांची अडचण एकच आहे. तिथला माणूस जंगलाचा वैरी नाही. त्याला बदली रोजगाराची हमी कोणी दिलेली नाही.

इन्सली यांचे काय झाले तेही नीट पाहावे. त्यांना उमेदवारी मिळाली नाही, पण त्यांनी तयार केलेल्या तपशीलवार योजनांतून इतर उमेदवारांनी उचल केली. जो बायडन दोन लाख कोटी डॉलरची हवामान योजना घेऊन २०२० मध्ये लढले आणि ८ कोटी १२ लाखांहून अधिक मते मिळवून जिंकले. २०२४ मध्ये तेलविहिरी खोदण्याची घोषणा देत डोनाल्ड ट्रम्प परत आले, आणि पूर्वपक्षाला पुन्हा जोर चढला. पण ज्या आयोवा राज्याने ट्रम्प यांना तीनदा निवडले, तिथली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून तयार होते आणि पवनचक्क्यांच्या भाड्याचे पैसे शेतकऱ्यांच्या खात्यात पडतात. पवन ऊर्जेला करसवलत मिळवून देणारे चक ग्रासली हे तिथलेच रिपब्लिकन सेनेटर.

याच आयोवाच्या राजधानीत, डी मॉइनमध्ये, पिण्याचे पाणी ज्या नद्यांतून येते त्यांत खतांतून आणि डुकरांच्या मलमूत्रातून नायट्रेट उतरते. ते काढायला शहराने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी यंत्रणा उभारली. २०१५ मध्ये पाणी खात्याने वरच्या बाजूच्या तीन काउंटींवर खटला भरला. दोन वर्षांनी तो फेटाळला गेला. जून २०२५ मध्ये नायट्रेट इतके वाढले की घरासमोरच्या हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. यंत्रणेचा खर्च नागरिक पाणीपट्टीतून भरतात, आणि मक्याच्या घसरत्या भावाने गांजलेला शेतकरी खत कमी करायला धजत नाही. ओबामांना दोनदा आणि ट्रम्प यांना तीनदा कौल देणाऱ्या या राज्यात अध्यक्षपदाच्या पुढच्या उमेदवाराने हवामान परिषदांतील उद्दिष्टे काही काळ बाजूला ठेवावीत. खत कमी वापरल्यामुळे होणाऱ्या तुटीतला किती वाटा सरकार उचलणार, नदीकाठी गवताचे पट्टे राखणाऱ्याला एकरी काय देणार आणि शहराची पाणीपट्टी किती उतरणार, हे आकड्यांत सांगून त्याने तिथे मत मागावे.