स्वरलिपी म्हणजे संहिता नव्हे

जॅझमधील उपजेचा गौरव करण्यासाठी विश्लेषकांनी जो मार्ग निवडला, त्यातच तिची अवहेलना दडलेली आहे. गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये सनी रोलिन्स यांच्या सॅक्सोफोनवादनाचे विश्लेषण केले. एका बीजकल्पनेतून सारे वादन उलगडते म्हणून ते श्रेष्ठ, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे बिल एव्हन्स यांच्या पियानोवादनाला हाइनरिश शेंकर यांची पद्धत लावण्यात आली. पृष्ठस्तरावरील स्वरांखाली दीर्घ रचनातत्त्व सापडले की विश्लेषक कृतार्थ! म्हणजे उपज थोर ठरते ती लिखित रचनेसारखी दिसते तेव्हाच. साहित्यविचारात आपण ज्या सेंद्रिय एकात्मतेला केव्हाच प्रश्नांकित केले, ती येथे मागच्या दाराने येऊन स्थानापन्न झाली आहे.

कीथ जॅरेट यांची कोलोनची मैफल घ्यावी. २४ जानेवारी १९७५ रोजी तेथील ऑपेरागृहात त्यांच्यापुढे आला तो त्यांनी मागितलेला पियानो नव्हता. वाद्य लहान, नादुरुस्त. खर्ज पोकळ, तारस्वर कर्कश. वादन बव्हंशी मधल्या सप्तकांत राहिले आणि डाव्या हाताच्या पुनरावृत्त आकृतींनी खर्जाची उणीव भरून काढली. पहिल्या भागात सुमारे बारा मिनिटे दोनच स्वरसंघात आलटूनपालटून येत राहतात. कागदावर हे मितव्ययी रचनासूत्र म्हणून वाचता येते. प्रत्यक्षात त्यात सदोष वाद्य आणि मुरलेला हात यांची झटापट आहे. निर्माते मानफ्रेड आयशर यांचेही मत याच दिशेचे होते. कर्त्याची परिस्थिती अप्रस्तुत आहे, असे कोणी म्हणेल. ठीक, मग सूत्राचे श्रेय योजनेला देणेही सोडावे.

या मैफलीची स्वरलिपी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. जॅरेट यांनी तिला दीर्घकाळ संमती दिली नव्हती. दिली तेव्हाही ध्वनिमुद्रण हेच अंतिम प्रमाण मानावे, असे बजावले. हा कलावंताचा लहरीपणा नव्हे. स्वरांचे क्रम लिहिता येतात; स्पर्शाचा भार, लयीतील किंचित रेंगाळणे, वादकाचे हुंकार लिहिता येत नाहीत.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: ध्वनिमुद्रणही पुनःपुन्हा ऐकता येते, तेही गोठलेलेच असते, मग तीही संहिताच नव्हे काय? पुनःश्रवणाची सोय श्रोत्याला मिळते, वादकाला खोडण्याची मुभा त्यातून मिळत नाही. लेखक नको असलेली ओळ काढून टाकतो. उपज करणारा निसटलेल्या स्वराला पुढच्या स्वरानेच उत्तर देऊ शकतो. तेव्हा सिद्ध आकृतीचा आराखडा काढण्यापूर्वी विश्लेषकाने त्या बारा मिनिटांत डावा हात नेमका कोठे ढळतो, उजव्या हाताने काय करून पाहिल्यावर ढळतो, आणि त्या क्षणी दुसरे कोणते वळण शक्य होते, हे आधी ऐकावे.